पंगतीतल्या बाटल्या

चुलतभाऊ आण्णासोनं पोरीच्या लग्नात पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटल्या आणि त्याचं नाव पार नृसिंहवाडीपर्यंत गाजलं. केरबाच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं. अख्ख्या गावात गोड्या पाण्याची विहीर त्याची एकट्याची, पण तिचं कौतुक कोण करतंय? स्वतःच्या पोरीचं लग्न ठरताच त्यानं विहिरीचं पाणी दहा वर्षांच्या करारानं बाटलीवाल्या कंपनीला विकून टाकलं. विहिरीला कुलूप बसलं, मांडवात बाटल्यांचे ढीग लागले. पहिली बाटली त्यानं मुद्दाम आण्णासोच्या पानापुढं ठेवली.

आण्णासोनं ती बाजूला सारली. "मला तुझ्या विहिरीचंच दे की तांब्याभर. माझ्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून मला बाटल्या आणाव्या लागल्या. तुला रं काय धाड भरली?"