कुणाची फॅट जास्त?

गावच्या दूध संस्थेत धाकट्या भावाच्या, धैर्यशीलच्या दुधाला रोज थोरल्या पिराजीच्या दुधापेक्षा जास्त फॅट लागायची, म्हणजे दरही जास्त. मशीनवरचा तो आकडा पिराजीला दिवसभर टोचत राहायचा.

त्या दिवशी धैर्यशील संस्थेतच छाती धरून खाली बसला. पिराजीनं त्याला गाडीत घालून कोल्हापूरला दवाखान्यात आणलं. ईसीजी बरा आला, पण हृदयाला इजा झाली असेल तर रक्तात कळतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासायला घेतलं. दोन नर्स, पांढरी चादर, पंखा. भावाचा थाट बघून पिराजीला राहवेना.

"बाई, सकाळपासनं माझाबी डावा हात भरून आलाय की! रक्त काय त्याचंच भारी हाय व्हय?"

बाईंनी लगेच त्याचंही रक्त घेतलं.

रिपोर्ट आले तशी त्यांनी पिराजीला हाताला धरून स्ट्रेचरवर झोपवलं. "काका, हलू नका. भावाला नुसतं पित्त झालंय. तुमचा आकडा मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आलाय, हा हार्ट अटॅक आहे."

आयसीयूच्या दारात पिराजीनं रडणाऱ्या भावाचा हात धरला.



"धैऱ्या, संस्थेत सांग सगळ्यास्नी."