लालासाहेबांच्या छातीतली कळ

"आबा, ईसीजीची ही तुमची सहावी पट्टी आहे. सहावी!" डॉक्टर राजेश्वरींनी स्क्रीन लालासाहेबांकडे फिरवला.

बाईंचं डोकं उठलं होतं. कवठे महांकाळच्या दवाखान्यात सकाळपासून रांग हटत नव्हती, त्यात या म्हाताऱ्याचा सरकारी आभा हेल्थ नंबर जोडताना नाकी नऊ आले होते. ओटीपी आला तेव्हा चष्मा सापडेना. चष्मा सापडला तोवर ओटीपी शिळा. एकदाच्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी उघडल्या आणि बाईंचा पाराच चढला. कराड, विटा, मिरज, सातारा, पुन्हा मिरज. सगळीकडे तक्रार तीच: चालताना छातीत कळ, दरदरून घाम, डावा हात जड. सगळीकडे पट्टी ठणठणीत, आणि शेवटी पित्ताच्या गोळ्या. वर प्रत्येक डॉक्टरला सांगितलेलं, पहिल्यांदाच दाखवतोय!

"इथं खऱ्या आजाऱ्यांना बसायला जागा नाही, आणि तुम्ही दवाखान्यांच्या जत्रा करत हिंडताय? काहीही झालेलं नाही तुम्हाला! बरोबर कोण आलंय? त्यांनाच सांगते."

"मालकीण हाय. भाईर बाकड्यावर." लालासाहेबांनी गडबडीनं उठून दार लोटलं. "मॅडम, हळू बोला. तिनं ऐकलं तर उठून जाईल."

"जाऊ द्या की मग!"

"आवं, कळ माझ्या न्हाई, तिच्या छातीत येतीया. कुणाला हात लावू देत न्हाई. म्हनती, मला काय धाड भरलीया, म्हशी कोण बघंल? म्हनून तिचं दुखनं मी माझं म्हनून सांगतो, आन् गोळ्या तिला नेऊन देतो. पर आता लय वाढलंय. आज म्हनलं, एकट्याला जायाचं भ्या वाटतंय मला. तवा कुठं आली."

राजेश्वरींनी दार किलकिलं केलं. अंबूबाई नवऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्या पदरानं सारखा घाम टिपत होत्या. बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. आता त्यांना भीती वाटत होती.

"मावशी, आत या," कपाळाला मुद्दाम आठ्या घालून त्या म्हणाल्या. "आबांना दाखल करायचं, तर सोबत राहणाऱ्याचीही पट्टी काढावी लागते. सरकारचा नवीन नियम आहे. झोपा बघू पलंगावर."