उन्हात वाळवलेले सेल

खुशाल चुलीपाशी बसून चहा पीत होता. बाहेर नुकतं फटफटत होतं. त्याची बायको कलाबाई अंधारातच मोहफुलं वेचायला गेली होती. त्याची माय ठमाबाई सहज बोलून गेली, "कलाच्या टारचमंदी चांगले सेल टाकून देल्ले मी. अंधारात वाटंनं साप-किरडू राह्यते."

"कोनते चांगले, माय?"

"तुह्या डब्यातले. डब्यात उन्हातले टाकले. वाजवून पाह्यलं न, चांगला बोंबलते."

खुशालच्या हातातला कप तसाच राहिला.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता, पण गावात वीज काही पोचली नव्हती. सारा कारभार सेलवर. संपलेला सेल कोणी फेकत नसे. छपराच्या कवेलूंवर उन्हात ठेवला की त्यात पुन्हा थोडा जीव येई. टॉर्च मंद होत जाते, ते डोळ्यांना दिसतं. डब्याचं तसं नव्हतं. उन्हातून नुकताच काढलेला सेल डबा एकदा जोरात वाजवतो, मग आतल्या आत विझून जातो आणि कोणाला कळतही नाही.

डबा खुशालनंच केला होता. रेडिओ दुरुस्तीचं काम तो नागभीडला शिकून आलेला. एका पाटीवर जुन्या रेडिओचे ट्रान्झिस्टर कथिलानं डाखले, भोंगा बसवला, चार सेल जोडले. त्यातून निघालेली केसाएवढी तार मोहाच्या झाडाभोवती गुडघ्याच्या उंचीवर फिरवली. वाघानं तार तोडली की भोंगा वाजणार. डबा रोज घरी येई; पहाटे कलाबाई तो नेऊन फांदीला टांगे आणि तार जोडे. गाव आधी हसलं, मग बघायला आलं. शेजारच्या गावात मोहफुलं वेचणारी बाई वाघानं पाठीमागून नेली होती, त्याला आठवडा होत होता. पण मोह काही वाघासाठी थांबत नाही. कलाबाई जायला तयार नव्हती. खुशालनंच तिला डब्याच्या भरवशावर पाठवलं होतं.

तो कुऱ्हाड घेऊन धावत सुटला.  नाला ओलांडल्यावर मोह दिसला तशी त्याची पावलं आपोआप हळू झाली. एरवी या वेळी पाखरांचा नुसता कलकलाट असतो. आज एकही बोलत नव्हतं.

कलाबाई झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. टोपली अर्धी भरली होती. डबा फांदीला टांगलेला होता. तिच्या पाठीमागं, झुडपांच्या बाजूला, तार तुटून जमिनीवर पडली होती.

ओरडलं तर ती दचकून पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागं वाघ हमखास येतो. 

"कला," तो हळूच म्हणाला, "उभी राह्य. अन माह्याकडं ये. हळू."

तिनं मान वर केली. त्याच्या हातातली कुऱ्हाड पाहून तिला हसू आलं.

"काऊन भेता जी एवढे? डबा तं चूप हाये. एवढी फुलं वेचून घेतो मी."

आणि ती पुन्हा खाली वाकली.