तीस दिवसांची आजी

आजींना पलंगावर झोपवून झालं, तेव्हा साडेदहाला वीस मिनिटं कमी होती.

"मी तोंड भिंतीकडे करते," आजी म्हणाल्या. "बाटली खिडकीत ठेव, दारातून दिसेल अशी. आणि रडू नकोस पोरी. रडणाऱ्या घरात ते जास्त वेळ थांबतात."

घरातल्या बाईनं औषधाची बाटली खिडकीत ठेवली. बाटली आजींनीच पिशवीतून आणली होती. पांघरूणही त्यांचंच.

काल संध्याकाळी त्या दाराशी आल्या. ओळख ना पाळख. "उद्या तुमच्याकडे बँकेची माणसं यायचीत ना?" त्यांनी विचारलं होतं. "घरात हलवता न येणारं आजारी माणूस असलं, तर टाळं तीस दिवस पुढे जातं. मी येते." पैशाचं विचारलं तर त्या रागावल्या.

तीस दिवस खूप होते. नवरा कामाला होता तो काचेचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते, घराचे सात हप्ते थकले होते. पण कामगारांचे अडकलेले पैसे वीस दिवसांत मिळतील, असं पत्र परवाच हातात पडलं होतं. टाळं आज लागलं, तर घर निम्म्या किमतीला लिलावात जाणार होतं आणि कर्ज तरीही मानेवर राहणार होतं.

"मला नाही जमायचं हे," नवरा म्हणाला. "तोंडावर खोटं बोलायचं म्हणजे..."

"तुम्ही बोलूच नका," बाई म्हणाली. " नुसतं उदास उभं राहा. ते तर जमतंय ना आठ महिने?"

पांघरूण हसलं. "माझं बघा. या महिन्यात सहा घरांत मरणाला टेकलेय मी. सातव्यांदा कंटाळा येतो हो. एकच्या आत मात्र मला मोकळं करा, घरी जेवणाचं बघायचं असतं."

"पण आजी, सगळीकडे तोच माणूस येतो. ओळखलं तर?"

"आजवर कुणी पांघरूण उचललेलं नाही," आजी म्हणाल्या.

तो माणूस म्हणजे बँकेचा पाहणीवाला. वर्षभर तो गल्लीगल्लीतून फिरत होता. कुणाचे हप्ते थकले, कोण किल्ली टाकून निघून गेलं, कुठल्या फाटकावर विक्रीची पाटी लागली, सगळं त्याच्या घडीच्या नकाशावर असे. थकलेल्या घरावर लाल फुली. आधी एका गल्लीत एखादी दिसायची, आता नकाशाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. एक पाटी लागली की शेजारच्या घराचा भाव उतरे, आणि विकून सुटायची त्यांची वाटही बंद होई. लोक त्याला लालपेन्सिल म्हणत. कुणी त्याला पाणीसुद्धा विचारत नसे.

साडेदहाला दारात कुणीतरी दोनदा खोकलं. बाईनं दार उघडलं. लालपेन्सिल एकटा नव्हता. मागे बँकेचे साहेब होते.

"आजारी कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"सासूबाई. छातीचं दुखणं."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि ते उंबऱ्याशीच थांबले. "यांच्या भागात हप्ते थकलेली घरं तिप्पट झाली," ते लालपेन्सिलकडे बघत म्हणाले, "आणि टाळी लागतात पूर्वीपेक्षा कमी. जिथे जावं तिथे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं. म्हणून म्हटलं, आज स्वतःच बघू."

लालपेन्सिल नकाशा बगलेत धरून उभा होता.

"जा, पांघरूण उचला. चेहरा बघा नीट."

नवरा एकदम पुढे झाला. "साहेब, त्यांना त्रास..."

"बाजूला व्हा," लालपेन्सिल म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता.

तो पलंगाशी गेला. दाराकडे त्याची पाठ होती. बाई उशाशी उभी होती, तिला सगळं दिसत होतं. देवा, एवढं एक पांघरूण सांभाळ, ती मनात म्हणाली. लालपेन्सिलनं पांघरूण उचललं. आजींनी मान वळवून डोळे उघडले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आजींच्या कपाळावर घाम होता, आणि तो खरा होता.

"काय?" साहेब दारातून म्हणाले.

लालपेन्सिलनं पांघरूण हळूच गळ्यापर्यंत ओढलं. कडेनं खोचलंही.

"हलवली तर वाटेत जाईल," तो म्हणाला. "मी सही करतो. तुम्हीही करा."

साहेबांनी खिडकीतली बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरून फिरवून बघितली आणि परत ठेवली. मग सही केली. "तीस दिवस. एक दिवस वर नाही."

पावलं फाटकाबाहेर गेली तशी बाई जमिनीवर बसली. आता तिला रडायला हरकत नव्हती.

"कसा दगडासारखा बघत होता मेला," ती डोळे पुसत म्हणाली. "ओळखलं नाही तुम्हाला, नशीब आपलं. याला घरी कुणी मायेचं असेल का हो?"

आजी पांघरुणाची घडी घालत होत्या. "असेल की," त्या म्हणाल्या. "कुणीतरी जेवायला वाढतच असेल."

त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि लगबगीनं निघाल्या.

लालपेन्सिल सव्वाला घरी पोचला. हातपाय धुतले. ताट वाढलेलं होतं. तो जेवायला बसला, पण आधी त्यानं नकाशा उलगडून ताटाशेजारी ठेवला आणि एका फुलीवर बोट टेकवलं.

"चौथी गल्ली, सव्विसावं घर," तो म्हणाला. "नवरा रंगारी, तीन मुलं. साडेदहालाच."

स्वयंपाकघरातून नुसता हुंकार आला.

त्यानं पहिला घास घेतला.

"आणि उद्या बाटली दुसरी ने, आई. साहेबांनी लेबल वाचलंय."