पाठमोरी

"तोंड उघडायचं नाही हं," लॉकलनने केरिनला हसत बजावलं. दिग्दर्शक तो, वयाने तिच्याहून लहान. "एक शब्द जरी बोललीस तरी तुला नटीचं मानधन द्यावं लागेल. नुसती पाठ दे."

केरिन फाटकापाशी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. अंगात टॅमसिनचा निळा कोट. टॅमसिन म्हणजे मालिकेत मुलगी झालेली नटी. ती केव्हाच अमेरिकेला गेली होती, आणि आजच्या निरोपाच्या भागासाठी यायला तिला सवड नव्हती. केरिनचा बांधा तसाच होता, केसही तसेच तांबूस. म्हणून आज खोट्या मुलीच्या जागी खरी मुलगी.

समोर ग्लेनिस उभी होती, केरिनची आई. मेलबर्नच्या कडेच्या या खोट्या गल्लीत, या खोट्या फाटकातून ती तिशीत आत आली होती. आता सत्तरी उलटल्यावर बाहेर पडत होती. सगळा देश तिला पेग, म्हणजे मालिकेतली आई, म्हणूनच ओळखायचा. दुकानात, विमानतळावर, नवऱ्याच्या दफनाच्या वेळीसुद्धा. पेगसारखी आई मिळायला हवी होती, असं बायका तिचा हात धरून सांगायच्या. तेव्हा केरिन सामानाची ट्रॉली धरून बाजूला उभी असायची.

केरिनला बोलवायची कल्पना लॉकलनची, असं सगळ्यांना वाटलं. ती ग्लेनिसची होती. तिला लेकीची माफी मागायची होती. घरी ते कधी जमलं नव्हतं. नाताळच्या जेवणाला कोलंबी सोलता सोलता ती सुरुवात करायची, आणि बोलणं उकाड्यावर, नातवाच्या दातांवर जायचं. घरी तिला शब्दच सुचत नसत. या फाटकात सुचत.

संहितेत एकच वाक्य होतं, 'घराकडे लक्ष ठेव, बाळा.' ग्लेनिस ते बोलली. मग थांबलीच नाही.

"शाळेच्या पोहण्याच्या शर्यतींना मी आले नाही. नऊ वर्षांची होतीस तू. शेजारच्यांनी घरी आणलं तुला. रात्री मी परत आले, तर दोरीवर तुझा टॉवेल होता. ओला. हात लावून बघितला मी. पण कितवी आलीस, ते नाही विचारलं. तू जागी होतीस. मला माहीत होतं, तू जागी आहेस."

'ओला' म्हणताना तिचा आवाज फाटला. डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळला.

"चुकले गं मी."

त्या शर्यतींच्या दिवशी ती इथेच होती. मालिकेत टॅमसिनच्या वाढदिवसाचा केक कापत होती.

केरिनचा चेहरा फक्त तिलाच दिसत होता. बघता बघता तो नऊ वर्षांच्या पोरीचा झाला. हनुवटी थरथरली. ओठ उघडले. शब्द अगदी दातांपर्यंत आला, आणि बोलायचं नाही हे आठवून केरिनने तो गिळला.

"कट!" लॉकलन धावतच आला. "ग्लेन, अगं कुठून काढलंस हे? तो टॉवेल! सोनं आहे सोनं! पण माइकची सावली पडली गं तुझ्या खांद्यावर. परत घेऊ. टॉवेल ठेव. अगदी तस्साच ठेव."

ग्लेनिसने लेकीकडे पाहिलं. केरिन मान अगदी हळू हलवत होती. नको. बाकी कुणाच्याही ते लक्षात आलं नसतं.

रंगभूषेच्या मुलीने ग्लेनिसचा गाल टिपला, पावडर लावली.

"तयार?" लॉकलनने विचारलं.

या प्रश्नाला ग्लेनिसने उभ्या आयुष्यात दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

"तयार."

पुन्हा 'ओला'वर आवाज फाटला. पुन्हा डावाच डोळा, तसाच एक थेंब. 'चुकले गं मी'च्या आधी ती तेवढीच थांबली. आणि नेमका तेव्हाच निलगिरीवरून काकाकुव्यांचा थवा कर्कश किंचाळत उडाला.

"मेले समीक्षक!" ग्लेनिस म्हणाली, गाल ओला असतानाच. सगळे खो-खो हसले. पाठमोरी केरिन तेवढी हलली नाही.

तिसऱ्या वेळी ग्लेनिसने 'ओला'नंतर जरासं जास्त थांबून पाहिलं. आणखी छान झालं. तिचं तिलाच ते कळलं.

मग टाळ्या झाल्या, फुलं झाली, फाटकाच्या आकाराचा केक झाला. कॅमेरावाल्याने डोळे पुसले. लॉकलन म्हणाला, "काय बाई आहेस तू!" या सगळ्यातून सुटून ग्लेनिस कपड्यांच्या खोलीत आली, तेव्हा केरिन निळा कोट हँगरला लावत होती.

"केरिन, ते पेगचं नव्हतं गं. माझं होतं."

"माहीत आहे."

"तू काहीतरी बोलणार होतीस. पहिल्या वेळी. मी पाहिलं."

केरिनने कोटाचं वरचं बटण लावलं. मग खालचं.

"आता कॅमेरा नाही, कुणी नाही," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज फाटला. डावा डोळा भरून आला. "आता बोल ना, बाळा. काय होतं?"

केरिन त्या डोळ्याकडे बघत राहिली. थेंब गालावर येईपर्यंत थांबली.

"मी काय नटी आहे, आई?" ती म्हणाली. "मला एकदाच जमतं."