गुरुवारची सुट्टी

माझा भाऊ रूफस जन्मला त्या साली, म्हणजे १९३७ साली, ओझेला मावशी स्विंग नाचाच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या, मावशीसारख्या स्वयंपाकिणींना सुट्टी गुरुवारी, म्हणून स्पर्धाही गुरुवारीच. बँडचे पंधरा जण एकदम वाजवू लागले, की नाचघराची लाकडी जमीन हलायची. मावशीचा जोडीदार थॅडियस तर तिला डोक्यावरून उलटी फिरवायचा.

नेमकं त्याच दिवशी तिच्या मालकीणबाई म्हणाल्या, "ओझेला, आज पाहुणे येताहेत. सुट्टी पुढच्या आठवड्यात घे."

"बाईसाहेब, आज अंतिम फेरी आहे हो!"

"अगं, नाच काय कुठं पळून जातोय?"

मावशीनं बदक भाजलं. पाहुणे घाईघाईनं जेवले आणि बाईसाहेबांना घेऊन मोटारीतून गेले. मावशी त्यांच्या मुलांना सांभाळत घरीच राहिली.

सकाळी नाश्त्याला बाईसाहेब भलत्याच खुशीत होत्या.

"काल आम्ही तुमच्या हार्लेमला स्पर्धा बघायला गेलो होतो. काय नाचतात गं तुमची माणसं! पण त्या थॅडियसची जोडीदारीण आलीच नाही. बिचारा नुसता उभा राहिला. इतकं कसं गं बेजबाबदार असतं माणूस?"

"हो ना, बाईसाहेब," मावशी म्हणाली आणि तिनं तव्यावर अंडी फोडली.



बाईसाहेब १९३९ च्या मार्चमध्ये वारल्या. अंत्यविधी गुरुवारी होता. चाळीस माणसांचा स्वयंपाक मावशीनं केला.