पाचव्या दिवसाची वीणा

“जरा धर गो, मी आलेच,” म्हणत कमळआत्याने आपल्या गळ्यातली वीणा भाचीच्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणे वाकून तिच्याच पाया पडली आणि दिसेनाशी झाली.

अमिषा देवळात आली होती ती शेवटचं दर्शन घ्यायला. सकाळीच तिने कानांतले डूल आत्याच्या मुलीला, प्राचीला देऊन टाकले होते. आता आत्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, चुकलंमाकलं माफ कर म्हणायचं आणि निघायचं. परत यायचं नव्हतं.

पण गळ्यात वीणा पडली होती. चौलकडच्या त्या वाडीत सप्ताहाचा पाचवा दिवस. सात दिवस नाम थांबायचं नाही, वीणा भुईला टेकायची नाही. दुसरं कुणी घ्यायला येईपर्यंत जिच्या गळ्यात, तिने उभं राहायचं. टेकली तर साऱ्या वाडीचा सप्ताह मोडला. दुपारचे दोन वाजलेले. प्रसाद जेवून माणसं आडवी झालेली. मंडपात चिटपाखरू नव्हतं.

तिने तार छेडली. रामकृष्ण हरी. आवाज धड फुटेना. सात-आठ महिने तिला नीट झोप नव्हती. पनवेलचं कॉलेज सुटलं, मैत्रिणींचे फोन सुटले. पेणला घरी कुणी आळस म्हणालं, कुणी नजर. मग तिने सांगणंच सोडलं होतं.

तीन वाजले. खांदा भरून आला. तिला आत्याचा राग आला. कितीतरी दिवसांत तिला साधा रागसुद्धा आला नव्हता. चार वाजले. गाता गाता रडू फुटलं, तरी बोट तारेवर चालूच राहिलं.

साडेचारला दाराशी रिक्षा थांबली. आई आणि सुजितदादा धावतच आत आले. त्यांना पाहून जवळच्या खांबाआडून गुडघे धरत कमळआत्या उठली. हातात मोबाईल होता. सारा वेळ ती तिथेच बसून होती. तिने हाक मारली तसे वाडीतले हरेश्वरकाका आले, अमिषाच्या पाया पडले आणि वीणा घेतली.

आत्याने तिला जवळ ओढलं. आडपडदा न ठेवता विचारलं, “जीव द्यायचं मनात होतं ना?”

अमिषाने होय म्हणून मान हलवली. आईचा हुंदका तिला ऐकू आला, पण कुणी रागावलं नाही. अलिबागच्या मनाच्या डॉक्टरबाई सहापर्यंत थांबणार होत्या. सगळे बरोबर जाणार होते, आणि पुढेही जितके दिवस जावं लागेल तितके दिवस.

“तुला कसं कळलं?” तिने विचारलं.

आत्या तिचा अवघडलेला खांदा चोळत राहिली.

“माझं पहिलं बाळ गेलं त्या साली मी पण अशीच पाया पडायला आले होते,” ती म्हणाली. “सासूने वीणा गळ्यात घातली, ती दिवस मावळेपर्यंत घ्यायला आलीच न्हाय.”